फॉरमॅट मारणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

पेनड्राईव्ह लावला आणि स्क्रीनवर ‘आधी फॉरमॅट करा’ असं आलं, की आमच्या भागातल्या बहुतेक दुकानांत एकच उपाय ठरलेला असतो. ‘मारून टाकू फॉरमॅट, होईल चालू.’ चालू होतो, हे खरं. आत काय होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतला माझंही संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून धंद्यातल्यांचा राग ओढवून लिहितो: ही दुरुस्ती नाही. भाडेकरूचं सामान उकिरड्यावर टाकायचं आणि घरमालकाला ‘घ्या, घर झाडून दिलं’ म्हणायचं, त्यातली गत.

आपल्याकडे पेनड्राईव्ह टेबलापेक्षा ट्रॅक्टरवर जास्त राहतो. सप्ताहात देवळाच्या स्पीकरला तोच, हळदीच्या हंगामात आडत्याच्या टॅलीची बॅकअपही त्याच्यावरच. लग्नाचा अल्बम परवडत नाही म्हणून स्टुडिओवाला अख्खं लग्न एका पेनड्राईव्हवर देतो. पाहुणे-रावळे टीव्हीला लावून बघतात, मग पोरं त्यातच गाणी भरून आणतात.

बिघाडही सगळे सारखे नसतात. सगळ्यात हलका म्हणजे शॉर्टकट व्हायरस. फोल्डर गायब, त्यांच्या जागी शॉर्टकट. माणूस म्हणतो, डाटा उडाला. उडालेला काहीच नसतो, व्हायरसनं फक्त लपवलेला असतो. ‘अॅट्रिब’ नावाची एका ओळीची कमांड दिली की सगळं जागेवर दिसतं. अशा पेनड्राईव्हलाही फॉरमॅट मारून दिलेले मी पाहिलेत.

दुसरा बिघाड फाइलींच्या यादीचा. कॉपी चालू असताना लाइट गेली, किंवा दिवा लुकलुकत असताना ओढून काढला, की कुठली फाइल कुठं आहे ही यादी बिघडते. माल आतच असतो. क्विक फॉरमॅटही यादीच पुसतं, म्हणून त्यानंतरसुद्धा बरंच परत मिळू शकतं. पण क्विकची टिक काढून पूर्ण फॉरमॅट मारलं तर विंडोज सगळीकडे शून्यं लिहितं, आणि क्विकनंतर वर गाणी भरली तरी खालचं गेलं. अशा वेळी पेनड्राईव्हवर काही लिहायचं नाही, आधी त्याची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि शोधाशोध त्या नकलेवर करायची. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसानं लिहिलेलं ‘फोटोरेक’ फुकट मिळतं. ते यादीकडे बघतच नाही, फाइलची सुरुवातीची खूण हुडकतं. फोटो सापडतात, नावं जातात. हळद कोणती, वरात कोणती, हे घरच्यांनी बसून लावायचं.

तिसरा बिघाड मोडतोडीचा. मागच्या उन्हाळ्यात कळमनुरीकडचे एक निवृत्त गुरुजी आले. पेनड्राईव्हची मान मोडलेली. ‘बघ रे बाबा, माईच्या ओव्या आहेत यात. फेकून द्या म्हणाला एक जण.’ प्लॅस्टिक उकललं तर आत जुन्या पद्धतीची हिरवी पट्टी, दोन काळ्या चिपा, तोंडाशी चार टाके तुटलेले. जुन्या केबलच्या चार वायरी जोडल्या: लाल पाच व्होल्टची, पांढरी आणि हिरवी डाटाची, काळी अर्थिंगची. भिंगाखाली अर्धा तास गेला. मग स्पीकरवर जात्याची घरघर आली, तिच्यावर माईंचा आवाज. गुरुजी मान खाली घालून ऐकत बसले.

ओव्यांचं म्हणाल तर पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या जमवल्या. त्या कागदावर उतरल्या, काही टेपवर आल्या, आता ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर आहेत. गुरुजींच्या माईंचा सगळा ठेवा त्या एका काडीवर होता. त्या दिवशी मी त्यांना दोन नकला करून दिल्या, एक मुलाकडे ठेवायला आणि एक लेकीकडे.

आजच्या नखाएवढ्या पेनड्राईव्हला असं उघडून वायरी जोडायची सोयही नाही. चिप आणि तिचा कारभारी कंट्रोलर एकाच काळ्या तुकड्यात ओतलेले असतात. कंट्रोलर मेला की पुण्या-मुंबईच्या लॅबशिवाय गत्यंतर नाही, आणि तिथलं बिल हजारांत जातं. शिवाय फ्लॅश मेमरीत डाटा म्हणजे बारीक कप्प्यांत कोंडलेला विद्युतभार. वर्षानुवर्षं तो झिरपतो, उन्हात जास्त. जुन्या चिपेत एका कप्प्यात एकच बिट असायची. आता स्वस्ताईसाठी तीन-तीन कोंबतात, म्हणजे भाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. म्हणून मुलांचे लहानपणचे फोटो पेनड्राईव्हवर टाकून कपाटात दहा वर्षं निर्धास्त ठेवणं मला पटत नाही.

या सगळ्यात खरी लूट आहे ती ‘दोन टीबी, चारशे रुपये’वाल्या मालाची. आत आठ-सोळा जीबीची चिप, आणि दोन टीबी सांग म्हणून पढवलेला कंट्रोलर. खरी जागा संपली की पुढचं एकतर जुन्यावर लिहिलं जातं किंवा कुठंच लिहिलं जात नाही. फाइलींची नावं दिसतात, पण पुष्कळशा उघडतच नाहीत. तिथं जगातली कुठलीही लॅब हात टेकते, कारण जे लिहिलंच नाही ते काढणार कुठून? घेतल्याबरोबर ‘एच२टेस्टडब्ल्यू’सारख्या फुकट प्रोग्रॅमनं पूर्ण भरून तपासा. खोटा निघाला तर ग्राहक आयोगाचा दरवाजा आहे. २०१९च्या कायद्यानं तक्रार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे माल ऑनलाइन आलेला असला तरी हिंगोलीत. पाच लाखांपर्यंतच्या मालाला तक्रारीची फीही नाही. फक्त बिल हातात पाहिजे, आणि आठवडी बाजारात ते मागितलं की विकणारा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो.