आतिथ्य आणि थापटणे

परदेशातील एका विद्यापीठात अनुवादविद्या शिकणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने मध्यंतरी विचारले, "सर, 'हॉस्पिटॅलिटी'ला आतिथ्य म्हणू की पाहुणचार?" ती तेरकडची. पॉल रिकर या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या अनुवादविषयक लेखनातील (२००४) 'भाषिक आतिथ्य' ही कल्पना घेऊन तिला गोरोबाकाकांच्या कथेवर निबंध लिहायचा होता. परक्या भाषेत वस्तीला जाण्याचा आनंद आणि परका शब्द आपल्या घरी उतरवून घेण्याचा आनंद, असे रिकर यांचे दुहेरी सूत्र आहे.

तेरला परके पाहुणे नवे नाहीत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' हे मोठे नगर असल्याची नोंद आहे. तेथून तलम वस्त्रे भडोच बंदराकडे जात. ते तगर म्हणजेच तेर. गावातील लामतुरे संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा दिसतात. पण ग्रंथकर्त्याने नोंदला तो माल. बाजारात येणे वेगळे आणि घरी येणे वेगळे.

गोरोबांची कथा घरी आलेल्यांची आहे. संतमेळ्यात मुक्ताबाईने थापटण्याकडे बोट दाखवून 'हे काय?' म्हणून विचारले आणि गोरोबांनी त्याच थापटण्याने एकेकाचे डोके थापटून मडकी पारखली. नामदेव तेवढे कच्चे निघाले. परकेपण यजमानाने सोसावे, असे आपण रिकर वाचून म्हणतो. येथे यजमानाचा हात पाहुण्यालाही सोसावा लागतो. आतिथ्य या सोवळ्या शब्दात हे मावत नाही.

परदेशी वर्गात इंग्रजी यजमान असते आणि मराठी संहिता पाहुणी. ती कोणाला बोचू नये म्हणून थापटण्याचे 'लाकडी साधन' होते, कच्च्या मडक्याचा 'अपरिपक्व साधक'. वाचकाची सोय होते, कुंभाराचे घर मात्र जाते. हे अटळ आहे असे मला वाटत नाही. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅरिझोनात अध्यापन केलेल्या अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९) पाहावा. त्यामागे या घरच्या चालीरीती शिकून घेण्याचे कष्ट आहेत.

आपण तरी कसले यजमान! परभाषेतील कादंबऱ्या मराठीतून शिकवताना मी कित्येक वर्षे अनुवादकाचे नावसुद्धा सांगत नसे.

कच्चे ठरलेले नामदेव प्रथम रुसले, मग विसोबा खेचरांकडे गेले, असे परंपरा सांगते. त्याच नामदेवांच्या नावावरची ६१ पदे आज गुरू ग्रंथसाहिबात आहेत, दुसऱ्या भाषेच्या घरात, मानाने.

विद्यार्थिनीला मी 'पाहुणचार' सुचवला. तिने निबंधात 'थापटणे' हा शब्द तसाच ठेवला. प्राध्यापकांनी समासात प्रश्नचिन्ह काढून तो परत पाठवला आहे. आता पुढच्या आठवड्यात तिला त्यांच्यासमोर बसून कुंभाराचे काम समजावून सांगायचे आहे.