भरपाईच्या रोपांनी जंगल फिटत नाही

ग्रेट निकोबार बेटावर बंदर, विमानतळ, वीजप्रकल्प आणि नगरवसाहत उभारण्यासाठी सुमारे 130 चौरस किलोमीटर वनक्षेत्र देण्यास 2022 मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि त्यात, 2023 मधील सरकारी अंदाजानुसारच, 9.64 लाख झाडे पडणार आहेत. त्याविषयीचा संताप नव्याने जागवण्याची गरज नाही. प्रश्न आहे तो मंजुरीला जोडलेल्या भरपाईचा, कारण विषुववृत्ताजवळच्या सदाहरित अरण्याच्या बदल्यात रोपे लावायची ठरली ती हरयाणात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण इतकी तंतोतंत क्वचितच खरी ठरली असेल.

या पद्धतीला ‘प्रतिपूरक वनीकरण’ म्हणतात. वनजमीन अन्य कामासाठी दिली की तेवढ्याच वनेतर जमिनीवर, आणि ती न मिळाल्यास दुप्पट अवनत वनक्षेत्रावर, झाडे लावायची, असा तिचा ढोबळ नियम आहे. गॅलेथिया उपसागराच्या वाळूत अंडी घालणारे लेदरबॅक कासव आणि कुजणाऱ्या पाल्याच्या ढिगाऱ्यात अंडी उबवणारा निकोबारी मेगापोड पक्षी यांना हरयाणातील रोपांचा उपयोग काय, याचे उत्तर या नियमात नाही. त्या उपसागराचे अभयारण्य तर जानेवारी 2021 मध्येच रद्द झाले.

भरपाईसोबत ‘नक्त वर्तमान मूल्य’ही वसूल केले जाते, म्हणजे जंगलाने पुढे जे जे दिले असते त्याची आजच्या रुपयांत मांडलेली किंमत. 2008 मध्ये तिचा सर्वोच्च दर हेक्टरी 10.43 लाख रुपये ठरला, म्हणजे चौरस फुटाला दहा रुपयांहून कमी. 2022 च्या वाढीनंतरही तो पंधरा रुपयांच्या आतच राहिला. या भावात शहरात पायरी ठेवण्याइतकी जागा मिळत नाही, आणि अरण्य मात्र मिळते.

‘एका झाडामागे दहा लावतो, मग तक्रार कशाची?’ असे ऐकवले जाते. तक्रार अशी की जंगल म्हणजे झाडांची गणती नव्हे. एका वयाच्या, एका जातीच्या, ओळीत उभ्या रोपांत ढोली नसते, वेल नसते, कुजके लाकूड नसते, आणि दहा रोपांपैकी पाचव्या वर्षी किती जगली हे विचारले की फाईल बंद होते.

त्याहून संतापजनक युक्तिवाद म्हणजे ‘पडीक माळ तरी हिरवा होतो’. महाराष्ट्रात 2019 च्या पावसाळ्यासाठी 33 कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले गेले, तेव्हा उघडी गवताळ जमीन ही खड्डे खणण्याची हक्काची जागा ठरली. वास्तविक माळरान ही उजाड जमीन नसून स्वयंपूर्ण परिसंस्था, म्हणजे जीव, माती आणि हवामान यांची परस्परावलंबी व्यवस्था, आहे. पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांवर धनगरांची मेंढरे जगतात, लांडगा, खोकड आणि चिंकारा वावरतात, आणि नान्नजच्या माळावर ज्याच्यासाठी 1979 मध्ये अभयारण्य झाले तो माळढोक मोकळ्या क्षितिजाशिवाय राहूच शकत नाही. तेथे गिरिपुष्पाच्या रांगा लावणे हे एका अधिवासाच्या नाशाची भरपाई म्हणून दुसरा अधिवास नष्ट करणे होय.

तेव्हा गवताळ माळ ‘पडीक’ या नोंदीतून वगळावेत. नुकसान टाळता येते का, हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या पानावर यावा, भरपाईचा तक्ता शेवटच्या पानावर. आणि 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने करावयाची लोक जैवविविधता नोंदवही प्रकल्पाची जागा निश्चित होण्यापूर्वी ग्रामसभेत वाचली जावी. आपल्या ग्रामपंचायतीत ती नोंदवही आहे का, आणि तीत माळाचे पान आहे का, हे वाचकांनी याच आठवड्यात लेखी अर्ज करून विचारावे.