पळवण्याआधी थांबवा!

ई-एमटीबी, म्हणजे बॅटरीवाली माउंटन बाइक घरात आली की महिन्याभरात दोन गोष्टी होतातच. एक, ऑफिसच्या पार्किंगमध्ये जो तो विचारतो, ‘किती पळते रे?’ आणि दोन, ते ऐकून ऐकून आपल्यालाही वाटायला लागतं, हिला अजून काहीतरी लावायला पाहिजे! पुण्याच्या इमोटोराडसारख्या देशी कंपन्यांमुळे सायकल आवाक्यात आली, त्यामुळे खिशात थोडे पैसेही उरलेले असतात. मग काय, दर आठवड्याला एक पार्सल. फोन होल्डर, रंगीत पेडल, चमकणारे ग्रिप...

मंडळी, हौस जरूर करा. पण ‘बाय नाऊ’ दाबण्याआधी माझी एक साधी कसोटी लावून बघा. मी तिला ‘धसई टेस्ट’ म्हणतो.

धसई म्हणजे मुरबाड तालुक्यातलं. नोटाबंदीनंतर डिसेंबर २०१६मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं होतं, तेच. (शहापूर तालुक्यातही एक धसई आहे. मॅप लावताना तालुका बघा, नाहीतर बॅटरी भलत्याच गावात संपायची!) कल्याणहून मुरबाड साधारण ३० किलोमीटर, तिथून म्हसामार्गे धसई आणि पुढे गोरखगडाच्या पायथ्याचं देहरी. बाजूला भातखाचरं, समोर सह्याद्रीची भिंत. माझा हा लाडका रूट. पण इथे ई-बाइकचं शोरूम शोधत बसायचं नसतं. म्हणून प्रश्न असा : लावलेली वस्तू धसईला बिघडली, तर बॅगेतल्या पान्याने किंवा गावातल्या सायकलवाल्या काकांच्या हातून नीट होईल का? नाही झाली, तर तिच्यावाचून घरी पोचता येईल का?

या परीक्षेत पहिला नंबर ब्रेकचा. साधी एमटीबी पंधरा किलोच्या आसपास, बॅटरीवाली बावीस-पंचवीस. त्यावर तुम्ही आणि तुमची सॅक, म्हणजे शंभर किलोचा ऐवज झाला. तो शंभर मीटर उंचीवरून खाली आणताना सुमारे २७ वॅट-तास ऊर्जा सुटते. थोडी वाऱ्यात जाते, बरीचशी ब्रेक तापवते. बजेट सायकलींच्या मागच्या चाकात बहुधा गिअरवाली हब मोटर असते. ती उतारावर नुसती मोकळी फिरते, बॅटरी भरत नाही आणि वेगही रोखत नाही. तेव्हा चांगले पॅड टाका आणि फ्रेम-फोर्कला चालत असेल तर १६०ऐवजी १८० मिलिमीटरची डिस्क बसवा.

एक मेख मात्र आहे. ई-बाइकच्या ब्रेक लिव्हरमध्ये बऱ्याचदा मोटर बंद करणारा सेन्सर असतो. साध्या सायकलचा हायड्रॉलिक सेट चढवला की तो सेन्सर गेला. ब्रेक दाबल्यावरही मोटर क्षणभर ढकलत राहते. एकतर सेन्सरवाला सेट घ्या, नाहीतर जुनी लिव्हर ठेवून केबलने ओढला जाणारा हायड्रॉलिक कॅलिपर लावा. केबल कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळते. धसई टेस्ट पास!

आता सगळ्यांचा आवडता विषय, स्पीड. ‘लॉक काढून देतो, चाळीसने पळेल,’ असं सांगणारा एक तरी भेटतोच. आपल्याकडे २५० वॅटच्या आतली मोटर आणि २५च्या वेगाला बंद होणारी मदत, या चौकटीतली सायकल मोटार वाहन धरली जात नाही. म्हणून लायसन्स नाही, नंबर प्लेट नाही. लॉक काढलं की तुम्ही नोंदणी नसलेलं वाहन चालवताय. उद्या कुणाला धडक बसली तर निस्तरायचं तुम्हालाच. शिवाय २५चे ४० केले की थांबवायची ऊर्जा अडीच पट होते. ब्रेक मात्र तेच! मी तर या भानगडीत पडत नाही.

तिसरं, पंक्चर. हब मोटरचं मागचं चाक क्विक रिलीजने निघत नाही. वायरचा जोड सोडवा, नट ढिले करा, वॉशरचा क्रम लक्षात ठेवा. तुमच्या नटाच्या मापाचा पाना बॅगेत हवाच. बहुतेक ठिकाणी तो १८ नंबरचा लागतो. टायरच्या आत काटारोधक पट्टी आणि ट्यूबमध्ये सीलंट टाकलंत, तर बाभळीच्या काट्याने ट्रिप वाया जाण्याची भीती खूप कमी होते.

मग बॅटरी. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॅट-तास. माझा हिशेब सपाटीला किलोमीटरमागे दहाचा, म्हणजे ३६ किलोमीटर. कल्याण-धसई एका बाजूनेच त्याहून जास्त! म्हणून सपाटीवर पाय मारायचे, मदत चढाला राखून ठेवायची आणि चार्जर बरोबर घ्यायचा. दोन अँपिअरचा चार्जर एखाद्या पंख्याइतकी वीज खातो. पाच तासांच्या पूर्ण चार्जिंगला अर्धं युनिटही पुरतं. जिथे जेवाल तिथे आधी विचारा, पोटभर जेवा, विजेचे पैसे वर द्या. कॅशलेस म्हणून गाजलेलं गाव असलं तरी शंभराच्या दोन नोटा खिशात असू द्या.

दुसरी बॅटरी घ्यायची झाली तर सायकलच्याच कंपनीची घ्या. आतले सेल आणि सर्किट कुणाचं, हे विकणाऱ्यालाही माहीत नसेल, तर तो स्वस्त पॅक रात्रभर फ्लॅटमध्ये चार्जिंगला लावायचा का, याचा विचार करा.

थोडक्यात खर्चाचा क्रम : ब्रेक, टायर, पुढचा-मागचा लाइट आणि आरसा (कल्याण-मुरबाड रस्त्यावर मागून येणारा डंपर दिसलेला बरा), मग पावसाळ्यासाठी लांब मडगार्ड. पैसे उरले तर ते रंगीत पेडल.

आणि या शनिवारी एक करा. मागचं चाक घरीच एकदा स्वतःच्या हाताने काढून बसवा. जमलं, तर रविवारी खुशाल धसई गाठा.