देवाची पाळी लागते, यंत्राची का नाही?

अणदूरच्या खंडोबाची मूर्ती एक, मंदिरे दोन. देव सुमारे सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गात राहतो. हस्तांतराच्या वेळी दोन्ही गावांत लेखी करार होतो. ज्या परिसराने दैवताची पाळी इतक्या काटेकोरपणे लावली, तेथील शेतकऱ्यांना एकत्र काम जमणार नाही, असे कोणी म्हणत असेल तर ते आम्हांस मान्य नाही.

आपल्या शेतकऱ्याला सहकार नवा नाही. इर्जिक होते, सावड होती, बैलांचा वारंगुळा होता. १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाने कायद्याचे छत्र दिले. २०१४-१५ पासून केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अवजारे बँकांना अनुदानही मिळू लागले. मग अडते कोठे? सोयाबीन सर्वांचे एकदमच काढणीला येते, मळणीयंत्र मात्र एक. आधी कोणाचे? याचे उत्तर पेरणीपूर्वीच लिहून ठेवले नाही, तर यंत्र अध्यक्षांच्या वावरातून हलत नाही आणि दोन एकरवाल्या विधवेचे पीक पावसात भिजते.

म्हणून अनुदानासाठी धावण्यापूर्वी वही मांडा. पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवा; भाड्यातून दुरुस्तीचा निधी बाजूला काढा; हिशेब दरमहा चावडीवर वाचा. मजुराचा रोजही त्याच वहीत चढू द्या, कारण केवळ जमीनवाल्यांची संस्था हा अर्धाच सहकार होय. देवाचा करार पाळणाऱ्यांना शेजाऱ्याशी केलेला करार जड का जावा?