सव्वा लाख हिट्स आणि सात फोन

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एका दुकानात आम्ही बसलो होतो. मालक वयाने ज्येष्ठ, मांडीवर तंबोरा, हातात कानस. त्यांच्या चिरंजीवांनी तीन वर्षांपूर्वी दुकानाची वेबसाइट काढून घेतली आहे. वेबसाइट करून देणारा गृहस्थ दर वर्षी नूतनीकरणाचे पैसे घ्यायला येतो आणि येताना एक कागद आणतो. यंदाच्या कागदावर लिहिले होते, ‘वर्षभरात १,२५,००० हिट्स’. मालकांनी कानस खाली ठेवून आम्हाला सरळ विचारले, “सव्वा लाख माणसे येऊन गेली म्हणतो. मग फोन सातच कसे आले?”

प्रश्न बिनतोड आहे. आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांना तो पडत असणार, पण विचारायचा कोणाला हे कळत नाही म्हणून कागद फाइलला लागतो आणि पैसे दिले जातात.

हिट म्हणजे माणूस नव्हे. वेबसाइटचे एक पान उघडले की त्या पानावरचा प्रत्येक फोटो वेगळा मागवला जातो आणि प्रत्येक मागणी एक हिट म्हणून नोंदली जाते. या दुकानाच्या पहिल्या पानावर चाळीस फोटो आहेत. म्हणजे एका माणसाने एकदा पान उघडले की एक्केचाळीस हिट्स. सर्व पाने तशीच धरली तर सव्वा लाखाला एक्केचाळीसने भागून हाती राहतात जेमतेम तीन हजार पाने. त्यांतली बरीच माणसांनी उघडलेलीच नसतात. इंटरनेटवर दिवसरात्र फिरणारे आपोआप चालणारे प्रोग्राम, ज्यांना बॉट म्हणतात, ते उघडतात. निम्मी त्यांची धरू. उरलेल्या दीड हजारांत एकेकाने तीन पाने पाहिली म्हटले तर माणसे झाली पाचशे. हा अंदाजच आहे, पण सव्वा लाखापेक्षा खरा आहे. आणि पाचशेत सात फोन हे सतारीसारख्या वस्तूला वाईट नाही. सतार काही कोणी दर महिन्याला घेत नाही.

तेव्हा आमचे म्हणणे असे, की मोजणी दुसऱ्याच्या कागदावर सोडू नये. ती आपल्या खात्यावर, आपल्या हाताने करावी. दुकानाची खतावणी आपण शेजाऱ्याच्या कपाटात ठेवत नाही.

यासाठी गूगल ॲनालिटिक्स हे साधन फुकट मिळते आणि छोट्या दुकानाला पुरते. पहिली गोष्ट, खाते दुकानाच्या स्वतःच्या ईमेलवर उघडावे. वेबसाइट करून देणाऱ्याला त्यात पाहण्याची परवानगी देता येते. मालकी देऊ नये. पुष्कळ ठिकाणी उलटे असते. खाते त्याच्या ईमेलवर, आणि व्यवहार तुटला की वर्षांची नोंद त्याच्याबरोबर जाते. खाते उघडताना देश भारत आणि चलन रुपया निवडावे, नाहीतर दिवस तिकडच्या घड्याळाप्रमाणे मोजला जाईल आणि शुक्रवारचा आकडा गुरुवारात दिसेल.

खाते झाले की इंग्रजी ‘जी’ अक्षराने सुरू होणारा एक क्रमांक आणि काही ओळींचा कोड मिळतो. तो वेबसाइटच्या प्रत्येक पानाच्या वरच्या भागात बसवायचा असतो. वर्डप्रेसवर वेबसाइट असेल तर प्लगिनने पाच मिनिटांत होतो. ज्यांच्या पानांत ‘यूए’ने सुरू होणारा जुना क्रमांक अजून पडून आहे त्यांनी तो काढून टाकावा. ती जुनी पद्धत १ जुलै २०२३ पासून बंद झाली असून तिथे आता काहीच नोंदले जात नाही. कोड बसला की नाही हे पाहायला आपल्या मोबाइलवर वेबसाइट उघडावी आणि ‘रिअलटाइम’ अहवालात स्वतःला शोधावे. एक माणूस दिसला की काम झाले. तो एक माणूस आपणच असतो, हे मात्र लक्षात ठेवावे. चिरंजीव दिवसातून दहा वेळा वेबसाइट उघडून पाहतात, तेही मोजले जाते. दुकानातले इंटरनेट मोजणीतून वगळण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. तिथेच आणखी एक बदल करावा. तपशीलवार तपासणीची माहिती मुळात दोनच महिने राखली जाते, ती चौदा महिन्यांवर न्यावी, म्हणजे गेल्या हंगामाशी तुलना करता येते.

इतके केले की पडद्यावर आकड्यांची गर्दी होते. बहुतेक जण इथेच दमतात. आम्ही सांगतो, त्यांतले बहुतेक आकडे पाहूच नका. व्हॉट्सॲपच्या बटणावर किती जणांनी बोट ठेवले, हा एक आकडा धरा. वेबसाइटवरून बाहेर जाणारा दुवा दाबला की हे साधन त्याची आपोआप नोंद घेते. फोनच्या दुव्यासाठी मात्र वेगळी खूण घालून घ्यावी लागते. मग कोठून आले ते पाहा. गूगलवर शोधून, इन्स्टाग्रामवरून, की दुकानाच्या कार्डावरील पत्त्यावरून? प्रत्येक ठिकाणी दिलेल्या दुव्याला वेगळी शेपटी जोडता येते. या शेपटीला ‘यूटीएम’ म्हणतात. गूगलने २००५ साली अर्चिन नावाची कंपनी विकत घेतली आणि त्यातून हे साधन उभे राहिले. त्या नावाचे पहिले अक्षर अजून या शेपटीत आहे.

गावांच्या यादीवर विसंबू नये. मोबाइलवर मिरजेत बसलेला माणूस पुण्याचा किंवा मुंबईचा दाखवला जातो. आणि अमेरिकेतल्या ॲशबर्न गावातून एकदम पन्नास माणसे आलेली दिसली तर तिथे सतारीचे वर्ग सुरू झाले असे समजू नये. त्या भागात मोठमोठी डेटा सेंटर आहेत. ओळखीचे बॉट हे साधन स्वतःच गाळते, पण सगळे गाळले जात नाहीत.

आता थोडे येणाऱ्याच्या बाजूने. दुकानात आलेल्या माणसाच्या पाठीमागे आपण वही घेऊन फिरत नाही. त्याने कोणती वस्तू हातात घेतली हे लक्षात ठेवणे वेगळे आणि त्याचे नाव, नंबर भलतीकडे पोचवणे वेगळे. चौकशीचा फॉर्म भरल्यावर उघडणाऱ्या पानाच्या पत्त्यात गिऱ्हाईकाचा मोबाइल नंबर दिसत असेल तर तो या मोजणीत जातो. गूगलच्या नियमांतही हे चालत नाही, आणि आपल्या देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे. वेबसाइट करणाऱ्याकडून हे एकदा तपासून घ्यावे, आणि इथे मोजणी होते असे वेबसाइटवर स्पष्ट लिहावे. ज्यांना माहिती गूगलकडे जाऊच नये असे वाटते त्यांनी माटोमो हे साधन पाहावे. ते २००७ पासून आहे, पूर्वी त्याचे नाव पीविक होते, आणि ते आपल्याच सर्व्हरवर बसवता येते. त्याला देखभाल लागते. घरात जाणता मुलगा असेल तर जमेल.

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून नाव शोधणारे वाढले असतील असे आम्हाला वाटते. ज्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार होते, हत्यारांना धार लावत, त्यांनीच दीडशेहून अधिक वर्षांमागे हे काम उचलले, आणि आज त्यांच्या नातवंडांना वेबसाइटचे आकडे वाचावे लागत आहेत.

त्या दुकानात आम्ही दोन महिन्यांनी पुन्हा गेलो. चिरंजीवांनी खाते स्वतःच्या नावावर उघडले होते आणि दर शुक्रवारी दुपारी वहीत आकडे उतरवत होते. आठ आठवड्यांत व्हॉट्सॲपवर बोट ठेवणारे एकवीस. त्यांतले चौदा नव्या सतारींच्या पानावरून आले नव्हतेच. कोपऱ्यात एक छोटे पान होते, जवारी काढण्याबद्दल आणि फुटलेला भोपळा बदलण्याबद्दल, चार ओळींचे, फोटोसुद्धा नसलेले. तिथून आले होते. मालकांनी वही हातात घेऊन दोनदा वाचली आणि मुलाला विचारले, “दुरुस्तीचा दर लिहिला आहे का तिथे?” लिहिलेला नव्हता.