तिबेटसाठी परदेशी संसदा बोलतात. गोठणगावच्या वसाहतीला त्याचं काय?

‘ठराव’ म्हणजे काय, हे गोंदिया जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ग्रामसभेत हात वर होतात, रजिस्टरवर सह्या होतात, प्रत पंचायत समितीत जाते आणि मग फाइल कुठे अडकली हे विचारत वर्ष निघून जातं. तिबेटच्या प्रश्नावर जगभरच्या संसदांमध्ये गेली साडेतीन दशकं असेच ठराव होत आले आहेत. जून २०२५ मध्ये तिबेटविषयक जागतिक संसद सदस्यांचं नववं अधिवेशन जपानमध्ये टोकियोला भरलं आणि तिथेही जाहीरनामा निघाला. या ठरावांनी नेमकं काय होतं, हा प्रश्न दूर टोकियोचा वाटेल. पण तो अर्जुनी मोरगाव तालुक्याचाही आहे.

या तालुक्यात गोठणगावजवळ, इटियाडोह धरणाच्या परिसरात, १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. महाराष्ट्रातली तिबेटी निर्वासितांची ही एकमेव वसाहत. जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला, तरी धरमशालेच्या कागदोपत्री तिची ओळख अजून ‘भंडारा’ अशीच आहे. धानाची शेती आणि हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विक्री, हा इथल्या कुटुंबांचा ठरलेला क्रम. ज्यांनी तिबेट पाहिला अशी माणसं आता थोडी उरली. तिसरी पिढी इथेच जन्मली, मराठी-हिंदी सराईत बोलते, पण तिच्या हातात निर्वासिताचं नोंदणी प्रमाणपत्र आहे. त्याचं नूतनीकरण ठरावीक मुदतीने करावंच लागतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट हवी. सरकार आणि संसद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिबेटच्या बाबतीत हा फरक फार मोठा ठरतो. जगातलं एकही मोठं सरकार तिबेटला स्वतंत्र देश मानत नाही. चीनशी व्यापार आहे, राजदूत आहेत. म्हणून पंतप्रधान किंवा परराष्ट्रमंत्री जे बोलू शकत नाही, ते खासदार बोलतो. खासदाराच्या शब्दाने करार मोडत नाही, आणि बीजिंगने तक्रार केलीच तर सरकार हात वर करून सांगू शकतं, की बाबा, आमच्याकडे लोकशाही आहे, खासदार ऐकत नाहीत.

दलाई लामांनी ही वाट १९८७ मध्ये धरली. २१ सप्टेंबर १९८७ रोजी अमेरिकी काँग्रेसच्या मानवाधिकार गटासमोर त्यांनी पाच कलमी शांतता योजना मांडली. पुढच्या वर्षी जूनमध्ये स्ट्रासबर्गला, युरोपीय संसदेच्या आवारात, स्वातंत्र्याऐवजी चीनच्या अंतर्गत खऱ्याखुऱ्या स्वायत्ततेचा प्रस्ताव ठेवला. म्हणजे तिबेटच्या बाजूने घेतली गेलेली सर्वांत मोठी राजकीय माघार कोणत्याही सरकारच्या टेबलावर नव्हे, तर संसदेच्या व्यासपीठावर जाहीर झाली. १९८९ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला आणि दारं भराभर उघडली. मार्च १९९४ मध्ये पहिलं जागतिक संसद सदस्य अधिवेशन भरलं ते नवी दिल्लीत. नंतर विल्नियस, वॉशिंग्टन, एडिनबरो, रोम, ओटावा, रिगा, पुन्हा वॉशिंग्टन आणि आता टोकियो. या यादीत लिथुआनियाचं विल्नियस आणि लाटव्हियाचं रिगा आहे, हा योगायोग नाही. मोठ्या शेजाऱ्याने गिळलेला देश पुन्हा उभा राहू शकतो, हे या दोन छोट्या देशांनी स्वतः भोगून पाहिलं आहे.

भारताची गोष्ट मात्र गुंतागुंतीची आहे आणि तिची सुरुवात इथल्याच मातीशी जोडलेली आहे. मे १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत पराभूत झाले. त्याच्या काही दिवस आधी, २९ एप्रिलला, भारताने चीनशी ‘चीनचा तिबेट प्रदेश’ असा उल्लेख असलेला करार केला होता. त्यातूनच पंचशील आलं. ऑगस्टमध्ये राज्यसभेत बाबासाहेबांनी या धोरणावर कडक टीका केली. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन आपणच चीनची सीमा भारताला आणून भिडवली, असा त्यांचा रोख होता. भंडाऱ्याने ज्यांना लोकसभेत पाठवलं नाही, त्यांचा इशारा १९६२ मध्ये खरा ठरला. आणि ज्यांच्याबद्दल ते बोलत होते, त्यातलेच काही लोक दहा वर्षांनी त्याच भंडारा जिल्ह्यात घर शोधत आले.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तिबेटवर तीन ठराव झाले, १९५९, १९६१ आणि १९६५ मध्ये. पहिल्या दोन वेळी भारत तटस्थ राहिला. १९६५ मध्ये, चीनचा तडाखा खाऊन झाल्यावर, भारताने बाजूने मत दिलं, आणि तेव्हा भारताची भूमिका मांडणारे होते महाराष्ट्राचे रफिक झकेरिया. तिथून पुढे आमसभेत तिबेटवर ठराव झालेला नाही. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांतली चीनची जागा बीजिंगला मिळाली, आणि तो रस्ताच बंद झाला. म्हणून तर देशोदेशींच्या संसदांची दारं ठोठवावी लागली.

भारतीय संसदेत तिबेटसाठी सर्वपक्षीय मंच १९७० मध्ये एम. सी. छगला यांच्या पुढाकाराने सुरू झाला. पुढे जॉर्ज फर्नांडिस हे या प्रश्नाचे सर्वांत मोठे पाठीराखे ठरले. पण सत्तेची गंमत बघा. २००३ मध्ये फर्नांडिस संरक्षणमंत्री असतानाच वाजपेयी सरकारने ‘तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनच्या भूभागाचा भाग’ असल्याचं चीनसोबतच्या घोषणापत्रात मान्य केलं. खासदार म्हणून जे बोलता येतं ते मंत्री म्हणून पाळता येत नाही, याचं याहून ठळक उदाहरण सापडणार नाही.

तरीही बीजिंगला हे मंच टोचतात. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्लीत निर्वासित तिबेटी संसदेच्या सभापतींसोबतच्या भोजनाला काही भारतीय खासदार गेले, त्यात भाजपचेही होते आणि काँग्रेसचेही. लगेच चिनी दूतावासातून त्यांना पत्रं गेली, की अशा मंडळींना पाठिंबा देऊ नका. दुसऱ्या देशाच्या दूतावासाने इथल्या निवडून आलेल्या खासदाराला परस्पर लेखी तंबी द्यावी, हा प्रकार उद्धटपणाचाच होता. परराष्ट्र खात्यानेही पत्राचा मजकूर आणि सूर अनुचित असल्याचं सुनावलं. ठरावांचा काहीच उपयोग नसता, तर एका जेवणासाठी पत्रं लिहायची गरज पडली नसती.

ठरावांपुढे जाऊन कायदा केला तो अमेरिकेने. २००२ मध्ये तिबेट धोरण कायदा झाला. २०१८ च्या कायद्याने, अमेरिकी लोकांना तिबेटमध्ये जाऊ न देणाऱ्या चिनी अधिकाऱ्यांना व्हिसा नाकारण्याची तरतूद केली. २०२० च्या कायद्याने, पुढचा दलाई लामा निवडण्यात ढवळाढवळ करणाऱ्या अधिकाऱ्यांवर निर्बंधांचा मार्ग खुला केला. जून २०२४ मध्ये मायकेल मॅकॉल आणि नॅन्सी पेलोसी यांच्यासह दोन्ही पक्षांचे अमेरिकी खासदार धरमशालेत आले, नंतर दिल्लीत पंतप्रधान मोदींना भेटले, आणि १२ जुलैला राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी तिबेट-चीन वाद सोडवण्याबाबतच्या कायद्यावर सही केली. तिबेट प्राचीन काळापासून आपलाच आहे, हा चीनचा दावा खरा नाही, असं हा कायदा सांगतो. पण सही करतानाच बायडेन यांनी स्पष्ट केलं, की तिबेट चीनचा भाग असल्याचं अमेरिकेचं अधिकृत धोरण बदललेलं नाही. ठराव मंजूर, फाइल जागेवर!

पुढचं आणखी बोलकं आहे. याच कायद्यात तिबेटबद्दलच्या चिनी अपप्रचाराला उत्तर देण्याची भाषा होती. २०२५ मध्ये सरकार बदललं आणि व्हॉइस ऑफ अमेरिका, रेडिओ फ्री एशिया यांच्या तिबेटी सेवांनाच कात्री लागली. परकीय मदत थांबवल्याने भारतातल्या तिबेटींच्या आरोग्य-शिक्षणाच्या योजनाही अडचणीत आल्या. काही निधी नंतर सुटला. संसदेचा पाठिंबा कायम होता, पण पैशाची किल्ली दुसऱ्याच्या हातात होती.

कॅनडाच्या लोकप्रतिनिधी सभागृहाने जून २०२४ मध्ये तिबेटींच्या आत्मनिर्णयाच्या बाजूने एकमताने ठराव केला. युरोपीय संसदेने डिसेंबर २०२३ मध्ये, तिबेटी मुलांना घरापासून तोडून चिनी निवासी शाळांमध्ये ठेवण्याचा निषेध केला. यातून एकही शाळा बंद झाली नाही. चीन ठरलेलं उत्तर देतो, की हा आमचा अंतर्गत मामला. दलाई लामांचे दूत आणि चीन यांच्यात २००२ ते २०१० दरम्यान चर्चेच्या नऊ फेऱ्या झाल्या. त्यानंतर औपचारिक फेरी झालेली नाही. ठरावांनी चीनला चर्चेला बसवलं नाही, हे मान्य करावंच लागेल. त्यांनी एवढंच केलं, की विषय मरू दिला नाही आणि चीनला दरवेळी उत्तर द्यायला लावलं. साठ-सत्तर वर्षांत जगात कितीतरी लोकांचे प्रश्न बेदखल झाले. त्या तुलनेत हे अगदीच थोडं नाही.

गोठणगावच्या वसाहतीलाही संसद आहे, हे बाजूच्या गावांत फारसं कुणाला माहीत नसतं. २ सप्टेंबर १९६० रोजी बोधगयेत पहिल्यांदा शपथ घेतलेल्या निर्वासित तिबेटी संसदेत आज ४५ जागा आहेत. यू-त्सांग, दोतो आणि दोमे या तीन पारंपरिक प्रांतांना प्रत्येकी १०, पाच धर्मपंथांना प्रत्येकी २, आणि बाकीच्या ५ उत्तर अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया-आशिया इथल्या तिबेटींना. म्हणजे गोठणगावचा मतदार भारतातल्या एखाद्या मतदारसंघासाठी नव्हे, आजोबा ज्या प्रांतातून आले त्या प्रांतासाठी मत देतो. ज्या भूमीवर कधी पाऊल ठेवलं नाही तिथला प्रतिनिधी निवडायचा, आणि ज्या तालुक्यात धान पिकवतो तिथल्या सरपंचाच्या निवडणुकीत बहुतेकांनी बाजूला उभं राहायचं. भारतात २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ दरम्यान जन्मलेल्यांना कायद्याने नागरिकत्वाचा हक्क आहे, आणि तसा निकाल न्यायालयातूनही आला आहे. पण अनेक जण तो घ्यायला कचरतात. घेतला तर निर्वासितपण संपतं, आणि त्यासोबत परतण्याचा दावाही सैल होतो, अशी ही भीती. परदेशी खासदारांच्या भाषणांत हा पेच क्वचितच येतो. जमिनीचा भाडेपट्टा, मुलांना नोकरी, प्रवासाची कागदपत्रं हे वसाहतींचे रोजचे प्रश्न, आणि ते वॉशिंग्टनमध्ये नाही तर मुंबईत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात सुटायचे आहेत. केंद्राचं तिबेटी पुनर्वसन धोरण २०१४ मध्ये आलं, पण त्याचा लाभ प्रत्यक्षात राज्यांच्या यंत्रणेतूनच पोहोचायचा असतो.

खरी परीक्षा पुढे आहे. ६ जुलै २०२५ रोजी दलाई लामांनी नव्वदी पूर्ण केली. त्याआधी चार दिवस त्यांनी जाहीर केलं, की ही परंपरा चालू राहील आणि पुढचा अवतार ओळखण्याचा अधिकार फक्त त्यांच्या गादेन फोड्रांग न्यासाचा असेल. चीनने २००७ मध्येच नियम करून ठेवला आहे, की कोणत्याही अवताराला सरकारची मंजुरी लागेल. पंचेन लामा म्हणून दलाई लामांनी ओळखलेला सहा वर्षांचा मुलगा मे १९९५ मध्ये चीनने ताब्यात घेतला, तो आजवर लोकांसमोर आलेला नाही. त्यामुळे उद्या दोन दलाई लामा जाहीर होण्याची शक्यता कुणी नाकारत नाही. त्या दिवशी कुणाला मान्यता द्यायची, याची तयारी अमेरिकेने कायद्यात करून ठेवली आहे. भारताच्या परराष्ट्र खात्याने ४ जुलै २०२५ रोजी सांगितलं, की श्रद्धा आणि धर्माच्या बाबींवर सरकार भूमिका घेत नाही. सर्वपक्षीय मंचाचे खासदार दलाई लामांना भारतरत्न मिळावा म्हणून सह्या गोळा करत आहेत. उत्तराधिकाऱ्याच्या प्रश्नावर मात्र दिल्लीतल्या दोन्ही सभागृहांत अजून एकही ठराव मंजूर झालेला नाही.