‘इतर’: एकदाही चषक न जिंकलेला संघ आणि आपली सोयीस्कर स्मृती

१/ विजय हजारे यांच्या ३०९ धावा क्रिकेटच्या इतिहासाची आवड असणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असतात. त्या ज्या संघासाठी काढल्या, त्याचे नाव मात्र थोडेच जण सांगतात. ते नाव होते ‘इतर’, म्हणजे ‘द रेस्ट’. त्या संघाच्या पराभवाचे कारण या नावातच आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

२/ मुंबईचे पंचरंगी सामने धर्मनिहाय खेळले जात: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि १९३७ पासून ‘इतर’. चार खाती भरल्यावर उरलेले ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन पाचव्या खात्यात. १९४६ पर्यंत स्पर्धा ८ वेळा झाली. हिंदूंनी ४ वेळा जिंकली, मुस्लिमांनी ४ वेळा. पारशी व युरोपियन पूर्वीच्या काळात विजेते ठरले होते. इतरांच्या हाती चषक कधीच आला नाही.

३/ डिसेंबर १९४३, ब्रेबॉर्न स्टेडियम, अंतिम सामना. हिंदू ५ बाद ५८१, डाव घोषित. विजय मर्चंट नाबाद २५०. इतर सर्वबाद १३३. फॉलोऑननंतर ३८७, त्यांत हजारे यांच्या एकट्याच्या ३०९. बंधू विवेक यांच्यासह ३०० धावांची भागीदारी. तीत विवेक यांचा वाटा २१. तरीही १ डाव ६१ धावांनी पराभव.

४/ या एकाकी झुंजीचे आपण भरभरून कौतुक करतो. करावेच. पण हा एकाकीपणा आला कोठून? सांगलीत जन्मलेले हजारे ख्रिस्ती होते, एवढ्याच कारणाने त्यांची जागा उरलेल्यांत ठरली. ज्या संघाची व्याख्याच ‘बाकीचे’ अशी, त्याला खेळाडूंचा भरणा मिळणार कोठून?

५/ ‘त्या काळच्या गोष्टी आजच्या मापाने मोजू नका,’ हा ठरलेला बचाव. तो टिकत नाही. १९४० मध्ये खुद्द गांधीजींनी धर्मनिहाय संघांना विरोध केला होता. १९४२ मध्ये ‘छोडो भारत’च्या धामधुमीत स्पर्धाच झाली नाही. माप त्या काळातलेच होते. आपण ते विसरलो.

६/ मार्च १९४७, बडोदा. रणजी करंडकाचा अंतिम सामना, समोर होळकर. हजारे २८८, गुल महंमद ३१९, भागीदारी ५७७. हा जागतिक विक्रम २००६ पर्यंत अबाधित राहिला आणि बडोद्याने करंडक जिंकला. संस्थानी आश्रय होता, हे मान्य. पण फाळणी पाच महिन्यांवर आली असताना हे दोघे एकाच संघातून खेळू शकले, कारण तो संघ एका प्रदेशाचा होता.

७/ आमच्या लाखनीकडे टेनिस बॉलच्या स्पर्धांत संघ गावाच्या नावाने उतरतो. ही साधी वाटणारी गोष्ट आपोआप घडलेली नाही. म्हणून पुढच्या वेळी ते ३०९ मिरवताना शेजारी संघाचे नावही लिहा: ‘इतर’. ते वगळून सांगितलेला पराक्रम म्हणजे अर्धाच इतिहास.